परतावा जाळलेल्या लिटरवर की वाचवलेल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला, बोटी ओढून शाकारल्या की मासेमारीच्या दोन बातम्या ठरलेल्या असतात. डिझेलवरच्या कराचा शासनाकडून मच्छीमारांना मिळणारा परतावा थकला आणि मासळी महागली. दोन्ही खऱ्याच आहेत. पण एक किलो मासळी किनाऱ्याला आणायला आपण किती डिझेल जाळतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मी दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत हिशेबाचं काम करते. डिझेलची वही रोज माझ्यासमोर असते. तिच्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, इंजिनाचे सिलिंडर, उचललेले लिटर असं सगळं आहे. त्या फेरीला मासळी किती मिळाली, याचा रकाना नाही. सरकारलाही तो नको असतो, कारण परतावा मिळतो तो लिटरवर.

गैरसमज नको. परतावा बंद करा असं मी म्हणत नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठीचं डिझेल एकदम लिटरमागे २५ रुपयांनी महागलं. सोसायट्या घाऊक ग्राहकांत धरल्या गेल्या आणि किनाऱ्यावर काय हाल झाले ते आम्ही पाहिलं आहे. खलाशांची हजेरी, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती या सगळ्याच्या वर डिझेलचा खर्च बसतो. म्हणून तर माझं म्हणणं आहे की हा पैसा असा द्या, की पुढच्या वर्षी तेवढं डिझेल लागणारच नाही.

जगभरच्या मासेमारी बोटींनी २०११ या एका वर्षात सुमारे ४० अब्ज लिटर इंधन जाळलं आणि त्यातून जवळपास १८ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके हवा तापवणारे वायू हवेत गेले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या यांत्रिक बोटींचा, २००० च्या सुमाराचा अंदाज वर्षाला १२२ कोटी लिटरचा होता. म्हणजे एक टन मासळीमागे एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. देशाच्या एकूण इंधनात हा वाटा एक टक्क्याच्या आसपास भरत होता, मग कारखाने आणि गाड्या सोडून कोळ्यांच्याच मागे का लागायचं, असं कुणीही विचारील. माझं उत्तर एवढंच, की तापलेल्या समुद्राचा पहिला फटका आम्हालाच बसतो. २०१९ च्या ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळं पाठोपाठ आली, २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’. वादळाचा इशारा आला की जाळं आवरून बोट अर्ध्या वाटेतून खाडीत आणायची. ते डिझेलही जळतंच, आणि त्याबदल्यात एक मासाही येत नाही.

सगळ्या बोटी सारख्या नाहीत, हेही शासनाने ध्यानात घ्यावं. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी धरतं, गिलनेट पाण्यात सोडून वाट बघायची असते. ट्रॉलरला मात्र जड जाळं तासन्‌तास ओढत न्यावं लागतं, आणि तेवढा सगळा वेळ इंजिन ताणावर असतं. पर्ससीनचा, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याचा, हिशेब फसवा आहे. एका वेढ्यात अख्खा थवा सापडतो, त्यामुळे किलोमागे डिझेल कमी दिसतं. पण तो थवा उचलला गेला की बाकीच्या लहान बोटींना आणखी लांब जावं लागतं, आणि ते डिझेल त्यांच्या नावावर चढतं. एलईडी मासेमारीत तर मासळीला खेचणारे प्रखर दिवे पेटवायला रात्रभर जनरेटर चालतो. केंद्राने ती नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली, राज्याने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवला, तरी अंधार पडला की क्षितिजावर उजेड दिसतो तो दिसतोच. कार्बन कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय कुठला असं मला विचारलं, तर मी म्हणेन की आधी हे दिवे विझवा. समुद्रात मासळी वाढली तर बोटीला जवळच जाळं टाकता येईल.

बाकीचं काम पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच होण्यासारखं आहे. तळाला शिंपली आणि शेवाळ धरलं की बोट जड चालते, त्यासाठी नीट खरवडून चांगला रंग द्यायला हवा. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा इंजिनाच्या मापाचा नसेल तर धूर काळा येतो आणि वेग मिळत नाही, हे प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, ठाऊक आहे. पण पंखा बदलायला एकरकमी पैसे लागतात आणि ते नेमके जूनमध्येच कुणाकडे नसतात. ट्रकची जुनी इंजिनं बसवलेल्या बोटींचंही तेच. वेगाचंही तसंच आहे. वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर तासाला लागणारं डिझेल जवळजवळ पाव भागाने कमी होतं. पण लिलावाला आधी पोचणाऱ्याला चांगला भाव मिळत असेल, तर एकटा तांडेल कशाला सावकाश येईल? त्यासाठी बंदरावर शीतगृह हवं, उशिरा आलेली मासळीही भाव धरून राहायला हवी. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा दिला आहे, शेतीच्या दराने वीज देण्याचं धोरण आहे. बर्फ कारखाने आणि शीतगृहांपर्यंत ते खरोखर पोचू द्या.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्येच ‘सागर हरिता’ ही इंधन वाचवणारी बोट बांधून दाखवली आहे. तेव्हा तंत्रज्ञान नाही, ही सबब चालणार नाही. माझी मागणी साधी आहे. परताव्याच्या अर्जात मासळीच्या वजनाचा एक रकाना वाढवा. जी बोट किलोमागे कमी डिझेल जाळेल, तिला पंखा, इंजिन किंवा जाळं बदलण्यासाठी जादा रक्कम द्या, आणि ती मे अखेरीस, बोट किनाऱ्यावर ओढण्याआधी खात्यात जमा करा. थकलेला परतावा मात्र आधी चुकता करा. जुनी बाकी तशीच ठेवून नवी योजना घेऊन आलात, तर आमच्याकडे कुणी अर्जही भरणार नाही.

आपली,
एक वाचक, दापोली, जि. रत्नागिरी