मूळ फोल्डरला हात न लावणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

मावशीच्या गोधड्यांची पुस्तिका काल छापून आली. तिच्या वर्षश्राद्धाच्या आत आली, हे केवळ तुमच्यामुळे.

तुमच्याआधी दोघांनी हे काम घेतलं होतं. एकाने गोधड्यांच्या फोटोंना दिलेल्या सावल्या कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. जणू पानापानाला सूर्य वेगळा. दुसऱ्याने फोटो लहान करायला इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमची मॉग्रिफाय कमांड थेट मूळ फोटोंवर चालवली. ती वेगळी फाइल न करता जुन्या फाइलवरच लिहिते. १९ फोटो कायमचे बारीक झाले. त्यातल्या तीन गोधड्या मावशीने कधीच कुणाकुणाला देऊन टाकल्या होत्या, त्यांचे फोटो पुन्हा कुठून काढणार? वर ‘बॅकअप ठेवायचा ना’ हे मलाच ऐकवलं. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही लॅपटॉप पुढ्यात घेतलात आणि काहीही करण्याआधी सगळ्या फोटोंची प्रत केलीत. मूळ फोल्डरला नाव दिलंत, ‘मावशी - हात लावू नये’. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण गळा दाटून आला होता. तुम्ही मावशीला कधी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं जुनं लुगडं उचलण्याआधी हात पुसणारी माणसं असतात, तसे तुम्ही वाटलात.

मग तुम्ही समजावलंत की सावली फोटोच्याच प्रतीपासून तयार होते आणि नंतर झाल्यामुळे फोटोच्या वर बसते. म्हणून स्वॅपने, म्हणजे दोघांच्या जागांची अदलाबदल करणाऱ्या सूचनेने, ती फोटोखाली सरकवायची. मला लगेच कळलं. गोधडीचं अस्तर ते! साठ टक्के गडद, कडा पुसट, बारा पिक्सेल उजवीकडे, बारा खाली, हेच आकडे सगळ्या फोटोंना. जेपेग प्रकारच्या फाइलमध्ये पारदर्शकता राहत नाही म्हणून सगळं पीएनजी प्रकारात ठेवलंत.

मुखपृष्ठावर पाच गोधड्या एकीवर एक रचल्यात, वरचीची सावली खालचीच्या धावदोऱ्यावर पडते. मामींनी पुस्तिका हातात घेतली आणि वरच्या गोधडीचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करायला गेल्या.

तुमची प्रत बाजूला काढून ठेवली आहे, घ्यायला याल तेव्हा जेवूनच जायचं. त्या फोल्डरचं नाव मी बदललेलं नाही.

तुमची,
मावशीची भाची