सांघिक म्हणजे सोळा जण एकत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर फिगर स्केटिंगची ओळख करून देणारा लेख आला होता. लेख चांगला होता, आमच्या घरी तो दोनदा वाचला गेला. मात्र त्यात एकेरी, जोडी, आइस डान्स आणि सांघिक असे चार प्रकार सांगून पुढे ‘सांघिक प्रकारात संपूर्ण संघ एकत्र स्केटिंग करतो’ असे वाक्य आहे. ते चुकीचे आहे, आणि ही चूक मला लागली, म्हणून हे पत्र.

ऑलिम्पिकमधली सांघिक फिगर स्केटिंग स्पर्धा २०१४ साली सोचीत सुरू झाली. तीत एका देशाचे एकेरी खेळणारे पुरुष आणि महिला, एक जोडी आणि एक आइस डान्सची जोडी आपापल्या वेळी बर्फावर उतरतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज होते. एक जण खेळत असताना बाकीचे कडेला बसलेले असतात. ज्या प्रकारात खरोखरच सोळा जण एका वेळी, एका संगीतावर, एकमेकांचे हात धरून स्केटिंग करतात, त्याला सिंक्रोनाइज्ड स्केटिंग म्हणतात. तो फिगर स्केटिंगचाच प्रकार आहे, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, कनिष्ठ गटाच्या वेगळ्या होतात. ऑलिम्पिकमध्ये मात्र तो नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत तीस वर्षे पीटी शिकवली. कवायत, मानवी मनोरे, लेझीम. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात सांगलीकरांनी लेझीम सादर केली, त्याचा अभिमान आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पीटीच्या मास्तरला आहे. माझी मुलगी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असते. २०२४च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे होतो. एका सकाळी ती म्हणाली, “बाबा, आज तुम्हाला एक लेझीम दाखवते,” आणि आम्ही रेल्वेने न्यूशातेलला गेलो. तळ्याकाठचे गाव, तळ्याजवळच बर्फाचे मैदान. तिथे सिंक्रोनाइज्ड स्केटिंगची कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा चालू होती.

कनिष्ठ म्हणजे तेरा ते एकोणीस या वयातली मुले. नियमाप्रमाणे मुलगे संघात चालतात, पण मला दिसल्या त्या बहुतेक मुलीच. संगीत सुरू होण्याआधी सोळाही जणी मधोमध स्तब्ध उभ्या राहतात, तेव्हा अख्खे प्रेक्षागृह श्वास रोखते. मग पात्यांचा खर्रर्र आवाज येतो. सोळा जणींचा, पण एकच.

कवायतीत ओळ फिरवून घेणे सर्वांत अवघड असते, हे ज्याने शिकवले आहे त्याला कळेल. आतला मुलगा जागच्या जागी पावले टाकतो, टोकाचा अक्षरशः पळत असतो, आणि मधली मुले गोंधळतात. ओळ तुटते ती बहुधा टोकाकडून तिसऱ्या-चौथ्या मुलाशी. बर्फावर या मुली ‘व्हील’ म्हणून एक रचना करतात, चाकाच्या आऱ्यांसारखी. माझी नजर सवयीने टोकाकडून तिसऱ्या मुलीवर गेली. एकाही संघाची ओळ तिथे तुटली नाही. टोकाची मुलगी वाऱ्यासारखी जात होती, तरी तिचा हात शेजारणीच्या खांद्यावर तसाच टेकलेला होता. एवढ्या वेगात तो हात ओढला गेला असता तर सगळी ओळ कोसळली असती.

त्याहून थरारक ‘इंटरसेक्शन’. आठ-आठ जणींच्या दोन ओळी समोरासमोरून भरधाव येतात. दोघींच्या मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट. आणि नेमके एकमेकींमधून जाताना प्रत्येक जण गिरकी घेते, म्हणजे समोरून येणारी काही क्षण दिसतसुद्धा नाही. समोरची तिच्या जागी असेल, या एका भरवशावर ती पाठमोरी त्या फटीतून निघून जाते. पायात धारदार पाती असताना. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसलो होतो.

एका संघाची मुलगी पडली. नाव घेत नाही, लहान मुले आहेत ती. अशी गोलाकार रचना चालू असताना एकीचा तोल गेला आणि ती बर्फावर सरकत लांब गेली. उरलेल्या पंधरा जणी थांबल्या नाहीत, थांबता येतच नाही. पण दोन्ही बाजूंच्या मुलींनी ती मोकळी झालेली जागा मिटवली नाही. एकीने डावा हात, दुसरीने उजवा हात तसाच पुढे धरून ठेवला, जणू ती तिथेच आहे. चार-पाच सेकंदांत ती उठली, वेग धरला आणि नेमक्या त्याच दोन हातांमध्ये येऊन शिरली. पडल्याचे गुण सगळ्या संघाचे गेले. खेळ संपल्यावर ती रडायला लागली, तेव्हा तेच दोन हात तिच्या गळ्यात होते. माझेही डोळे भरून आले, मुलीने माझा हात धरला.

हा खेळ नवा नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे १९५६ साली डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी ‘हॉकेट्स’ नावाचा पहिला संघ उभा केला. आइस हॉकीच्या सामन्यांच्या मध्यंतरात ते कला दाखवत. त्या काळी या प्रकाराला प्रिसिजन स्केटिंग म्हणत. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने १९९४ साली त्याला मान्यता दिली. पहिली जागतिक स्पर्धा २००० साली मिनियापोलिसमध्ये झाली आणि स्वीडनच्या ‘टीम सरप्राइज’ने ती जिंकली. कनिष्ठांसाठी २००१ पासून आव्हान चषक होता, त्याची सुरुवात न्यूशातेललाच झाली. अधिकृत जागतिक कनिष्ठ स्पर्धा २०१३ पासून, पहिली हेलसिंकीत. फिनलंडमध्ये तर या खेळाला मोठा मान आहे.

मग ऑलिम्पिकमध्ये का नाही? खेळाडूंची संख्या हे कारण पुढे केले जाते. हिशेब करून पाहू. एका संघात सोळा, दहा संघ घेतले तर एकशे साठ. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सगळ्या फिगर स्केटिंगला मिळून १४४ जागा होत्या. अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्याच बीजिंगमध्ये पुरुषांच्या आइस हॉकीचे बारा संघ होते आणि प्रत्येकात पंचवीस खेळाडू. तिथे जागा निघते. पाण्यातले तालबद्ध जलतरण १९८४ पासून उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि १९९६ पासून तर त्यात पूर्ण संघ उतरतो. बर्फावर निदान सहा संघांनी सुरुवात करायला काय हरकत आहे?

एकेरी स्केटिंगमध्ये ज्या मुलीला उंच उड्या जमत नाहीत, तिला चौदाव्या-पंधराव्या वर्षी घरी बसावे लागते. इथे तिच्या पावलांना, तिच्या कानाला, शेजारणीकडे असलेल्या तिच्या लक्षाला किंमत मिळते. शाळेत मी हेच पाहिले. शंभर मीटरमध्ये शेवटून दुसरा येणारा मुलगा लेझीमच्या पथकात पहिल्या रांगेत उभा राहायचा आणि वर्षभर ताठ मानेने चालायचा. त्या मुलांसाठी सांघिक खेळ हवेत, आणि त्यांचे सर्वोच्च व्यासपीठही हवे.

आपल्याकडच्या वाचकांना याचे काय, असे आपल्याला वाटू शकेल. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुणे इथल्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी चक्कर मारा, रोलर स्केट्स घातलेली किती पोरे दिसतात ते पाहा. लेहमध्ये झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या मुलांनी आइस स्केटिंगची पदके आणली. बर्फ आपल्याला परका राहिलेला नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, सांघिक स्पर्धेविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. दुसरी, सिंक्रोनाइज्ड स्केटिंगची कनिष्ठ जागतिक स्पर्धा साधारण मार्च महिन्यात होते. तेव्हा क्रिकेटचा भर असतो, हे मला ठाऊक आहे. तरी पहिल्या तीन संघांची नावे आणि त्यांचे गुण, एवढ्या चार ओळींची जागा काढावी. एखादे छायाचित्र मिळाले तर ते एकट्या खेळाडूचे नको, ओळीचे घ्यावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली