ला ग्लेझची कोंडी

प्रिय सुध्या,

आपल्या टेबलावरच्या युद्धखेळाच्या नव्या डावाला विषय म्हणून हिवाळ्यात अडकलेल्या रणगाड्यांची सुटका म्हटल्यावर तू लगेच स्टालिनग्राड सुचवलंस. नको रे बाबा! सोंगट्या मांडता मांडताच रविवार संपायचा. मी ला ग्लेझ घेतलंय. बेल्जियमच्या आर्देन भागातलं एवढंसं खेडं, डिसेंबर 1944.

गोष्ट तुला ठाऊक आहेच. जर्मन सेनानी पायपरची एसएस (नाझींच्या खास सैन्याची) रणगाडा तुकडी 16 तारखेला म्यूज नदी गाठायला निघाली. 18 ला अमेरिकन इंजिनिअरांनी त्र्वा-पाँ गावाचे पूल तिच्या तोंडावर उडवले. स्टुमाँला ती अडली, आणि मागे स्टाव्हलो गाव अमेरिकनांच्या 30व्या इन्फन्ट्री डिव्हिजनने परत घेतल्यावर रसदही तुटली. शेवटी ती ला ग्लेझमध्ये कोंडली गेली. टाक्यांत पेट्रोल नाही, वर धुकं, खाली चिखल.

आपण आजवर खेळलेल्या सुटकेच्या डावांत नुसती मारामारी असते. इथे खरा शत्रू पूल आहे. 21 तारखेला मदतीला निघालेली एक रणगाडाविरोधी गाडी पती-स्पेच्या चिमुकल्या पुलावर चढली आणि पुलासकट आंब्लेव्ह नदीत गेली. दुसरा पूल बांधायला घेतला, तर अमेरिकन तोफांनी तो होऊच दिला नाही. सुटका तिथेच बोंबलली! म्हणून मी प्रत्येक गाडीच्या सोंगटीवर मारक शक्तीच्या आधी वजन लिहिलंय. जर्मनांचा अवजड रणगाडा किंग टायगर जवळपास 70 टन. पुलाच्या घरात शिरताना फासे टाकायचे, वजन जितकं जास्त तितका धोका जास्त. पायदळ खुशाल पार जाईल, पण ते खांद्यावरून पेट्रोल नेऊन नेऊन किती नेणार? 22 च्या रात्री विमानांतून पेट्रोल आणि दारूगोळा टाकला, तोही बराचसा अमेरिकनांच्याच पदरात पडला. तेव्हा टाकलेला माल फाशानुसार भरकटतो. तू वैतागणार, वैताग.

गुण कसे द्यायचे यावर मी फार डोकं खाजवलं. शेवटी 24 च्या पहाटेआधी अंधारात सुमारे 800 माणसं गाड्या तिथेच टाकून पायी निघाली. त्यामुळे माणसांना रणगाड्यांपेक्षा जास्त गुण. मात्र माघारीचा हुकूम 23 च्या चालीआधी मिळत नाही. तुझा टायगरवर जीव, तू शेवटपर्यंत त्यांना कवटाळून बसणार हे मी आत्ताच लिहून देतो. त्यातला एक अजून गावात म्युझियमपुढे उभा आहे म्हणा.

आणि एक. नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी ठळक छापतोय, की 17 तारखेला मालमेडीजवळ बाउग्नेझच्या चौकात याच तुकडीने 84 अमेरिकन कैद्यांना गोळ्या घातल्या. त्याला ना गुण, ना नियम. पण 'काय डॅशिंग सेनानी होता' असं म्हणत टेबलाशी कोणी गहिवरला, तर ते पान त्याच्या नाकासमोर धरायचं. स्टुमाँच्या सॅनेटोरियमच्या तळघरातही मुलं आणि नन्स होत्या, आणि वर खोलीखोलीतून झुंज चालू होती. त्या घरावर तोफ डागली तर गुण कापायचे असं ठरवलंय. इतिहासात तसं कोणी कापलं नाही, पण डाव माझा आहे!

तू सुटकेची तुकडी घे, अडकलेल्यांना तुझा धाकटा भाऊ सांभाळेल. दोघांनी एकमेकांशी फक्त चिठ्ठीने बोलायचं, तीही एका चालीने उशिरा पोचेल. मी अमेरिकन. शनिवारी जेवूनच ये आणि फासे तुझे आण, नाहीतर हरल्यावर माझ्या फाशांच्या नावाने खडे फोडशील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या