जाहिरातीतला भाव आणि सौद्याचा भाव

महोदय,

वापरलेल्या वस्तू ऑनलाइन विकणे आता घरोघरी रूढ झाले आहे. पण अशा वस्तूचा रास्त भाव सामान्य माणसाने ठरवायचा कशावरून, याचे उत्तर कोठेही मिळत नाही. नुकतीच मी माझी कॅमेऱ्याची एक लेन्स विकली. त्या दीड महिन्यात जे ध्यानात आले, ते मांडण्यासाठी हे पत्र.

लेन्स होती निकॉनची २००-५०० मिलिमीटर, एफ ५.६. ती २०१५ साली बाजारात आली आणि भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्या, ताडोबाच्या वाऱ्या करणाऱ्या हौशी मंडळींत चांगलीच रुळली, कारण पल्ला मोठा असूनही तिची किंमत पगारदार माणसाला पेलणारी होती. वजन मात्र सव्वादोन किलोंच्या पुढचे. निवृत्तीनंतर माझा खांदा कुरकुरू लागला, तेव्हा ती योग्य हाती सोपवावी असे ठरवले.

भावाचा अंदाज घेण्यासाठी संकेतस्थळे चाळली, तर याच लेन्सच्या जाहिराती ५५ हजारांपासून ९० हजारांपर्यंत पसरलेल्या. नव्वद हजारांची जाहिरात पाहून मी क्षणभर सुखावलो, हे कबूल करतो. नंतर तारीख पाहिली, तर ती जाहिरात चार महिने तशीच पडून होती. म्हणजे तो भाव नव्हे, विकणाऱ्याची इच्छा होती. ज्या लेन्स खरोखर विकल्या गेल्या, त्यांच्या जाहिराती निघून गेल्या आणि त्यांच्याबरोबर खरे भावही गेले. पाहणाऱ्याच्या नजरेला पडतो तो केवळ न खपलेला माल, आणि त्यावरून अंदाज बांधणारा विक्रेता सुरुवातच चुकीच्या आकड्याने करतो. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहण्याची सोय आहे. पण ईबेचे भारतातील संकेतस्थळ २०१८ मध्येच बंद झाले.

दुसऱ्या बाजूला दुकानदार. एका दुकानात मला ३६ हजार सांगितले गेले. प्रथम राग आला, पण विचार करता तो आकडा अगदीच अन्यायाचा वाटला नाही. दुकानदार माल साफ करून घेतो, काही महिन्यांची हमी देतो, गिऱ्हाईक येईपर्यंत पैसे अडकवून ठेवतो आणि खरेदी-विक्रीतील फरकावर जीएसटीही भरतो. हे सगळे आपण स्वतः करणार असू, तर वरचे पैसे मागण्याचा हक्क आपला. करणार नसू, तर दुकानदाराला नावे ठेवू नयेत.

भाव उतरण्याचे खरे कारण वेगळेच आहे. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची रचना) आणले, त्यामुळे जुन्या लेन्स त्यांवर थेट बसेनात, आणि २०२३ मध्ये निकॉनची १८०-६०० मिलिमीटरची नवी लेन्स आल्यावर माझ्या लेन्सची मागणी ओसरली. तरी ती भंगारात गेलेली नाही. मध्ये अडॅप्टर, म्हणजे जोडकडे, लावला की ती नव्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकससह चालते. (ज्यांत फोकससाठी स्वतःची मोटर नसते, त्या जुन्या डी मालिकेतील लेन्सचे तसे नाही, निकॉनच्या अडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. त्या विकणाऱ्याने हे आधीच सांगून टाकावे.)

जाहिरात लिहिताना मी झूमच्या कड्याचे रबर सैल झाल्याचे आणि आत धुळीचा एक कण असल्याचे फोटोसह दाखवले. घरच्यांनी वेड्यात काढले. परंतु आपल्याकडच्या पावसाळी हवेत गिऱ्हाइकाची पहिली धास्ती बुरशीची असते, कारण ती काचेवरचा लेप खाते आणि पुसल्याने तो परत येत नाही. म्हणून लेन्समधून विजेरीचा झोत आरपार टाकून घेतलेला फोटोही मी जोडला. त्यानंतर ‘लास्ट किती?’ एवढेच विचारणारे संदेश कमी झाले आणि नेमके प्रश्न विचारणारे वाढले.

एका गृहस्थाने मात्र काहीच विचारले नाही. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, मागाल ती रक्कम आगाऊ पाठवतो, असे सांगून त्याने एक क्यूआर कोड धाडला आणि पैसे जमा होण्यासाठी पिन टाकायला सांगितले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, हे मला ठाऊक होते म्हणून वाचलो. ज्यांना असा फटका बसला असेल, त्यांनी विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. वापरलेला माल न पाहता, घासाघीस न करता पूर्ण किंमत मान्य करणारा माणूस भेटला, तर आनंदण्याऐवजी सावध व्हावे.

अखेर कोल्हापूरहून एक तरुण आला. भिंतीवर आपल्या नियतकालिकाचाच अंक चिकटवून त्याने त्याचे फोटो घेतले आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखी स्पष्ट दिसतात का, हे तपासले. बिलावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. ‘काका, रबर बदलायचा खर्च धरा,’ म्हणाला. मी ५८ हजार मागितले होते, सौदा ५४ हजारांना ठरला. दोघांनाही तो पटला.

माझी सूचना एवढीच आहे की, जाहिरात काढून टाकताना संकेतस्थळाने ‘वस्तू कितीला गेली?’ असा प्रश्न विचारावा आणि नाव-गाव वगळून ते आकडे सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. काही जण खोटे सांगतील, हे उघड आहे. पण पाच-पंचवीस सौद्यांचा मधला आकडाही एका हौशी जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरेल. मी माझी जाहिरात काढली तेव्हा मला असे कोणीही विचारले नाही. म्हणून तो आकडा येथे लिहिला आहे.

– आपला एक वाचक, पुणे