तुझा फ्रीज काढला रे, बंड्या

ठाणे,
१५ जून

प्रिय बंड्या,

फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. आधी नीट बसून घे. आपल्या कॅम्परव्हॅनमधला, म्हणजे राहायच्या-झोपायच्या गाडीतला फ्रीज काढला. हो, तोच तुझा लाडका, गॅसवर, बॅटरीवर आणि घरच्या विजेवर असा तिन्हीवर चालणारा. सध्या तो खारेगावात माझ्या मावसभावाच्या आवारात आंब्याखाली पालथा पडलाय. पालथा का, ते पुढे येतं.

मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो होतो. दिवसभर फ्रीज गॅसवर ठेवलेला. ज्योत दिसत होती, मागची चिमणी हात लावू देत नव्हती, आणि आत सोलकढी कोमट. रात्री दोनच्या सुमाराला हिनं मला ढोसलं. "बघ रे, पोरानं अंथरूण ओलं केलंय वाटतं." वास अगदी तोच. टॉर्च घेऊन चाचपलं, तर गादी कोरडी ठणठणीत. मग डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अमोनिया! फ्रीजच्या नळ्यांत तोच पाण्यात मिसळून भरलेला असतो. दारं-खिडक्या सताड उघडल्या, सिलिंडर बंद केलं आणि उरलेली रात्र सगळ्यांनी सुरूच्या बनात चटईवर काढली. पोरांना फार आवडलं. मला नाही.

सकाळी गाडीच्या बाहेरची खालची जाळी काढली तर मागच्या नळीच्या सांध्यापाशी पिवळीधमक पूड. मी फडकं घेऊन पुसणारच होतो, पण तेवढ्यात तुझं जुनं व्याख्यान आठवलं. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून पाण्यात सोडियम क्रोमेट घालतात, आणि गळती झाली की तेच बाहेर येऊन वाळतं. ते विषारी असतं. फडकं टाकलं, हात धुतले. तुझी व्याख्यानं कधीतरी कामाला येतात हे इथे लेखी देतो.

आता आंब्याखालच्या त्या शीर्षासनाबद्दल. थंडावा कमी झाला की फ्रीज काढून दिवसभर उलटा ठेवायचा, हा तुझा रामबाण उपाय. द्रव नळीत कुठे अडकून बसलं असेल तर उपयोग होतही असेल. पण इथे नळीच फुटलेली, आतला माल हवेत गेलेला. मला ते माहीत होतं. तरी ठेवला एक दिवस उलटा. तू विचारशील तेव्हा "ठेवला होता" म्हणता यावं म्हणून.

काढायचं काम एका रविवारचं समजलो होतो, तीन रविवार गेले. आधी सिलिंडर काढून बाहेर ठेवलं. मग बाहेरच्या जाळीतून हात घालून गॅसची नळी सोडली, शेगडीकडे जाणारा फाटा तसाच ठेवला आणि फ्रीजकडच्या तोंडाला पितळी टोपी घट्ट बसवून साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. बॅटरीच्या दोन तारा, घरच्या विजेची पिन. इथवर सगळं छान. फ्रीजच्या आतल्या भिंतींवर ती पांढरी प्लास्टिकची बटणं आहेत ना, त्यांच्याखाली सहा स्क्रू. तेही निघाले. फ्रीज मात्र हलेना. अर्धा तास ओढाताण केल्यावर कळलं की समोरच्या कडेला आपण सिलिकॉन भरलंय, आणि तेही कसं, तर कंजूषपणा न करता. शेवटी माशाच्या गळाची तार आरीसारखी ओढून कापलं.

फ्रीज खणातून बाहेर आला आणि मग मला तुझा राग आला. खरंच आला. अरे, आपण आधी फ्रीज बसवला आणि मग ओटा बांधला! ओटा आणि समोरचा सोफा यांच्यामध्ये १९ इंच जागा, फ्रीज २१ इंच. सुतार म्हणाला, "ओटा कापावा लागेल, दादा." ओट्याला हात लावला असता तर हिनं मलाच कापलं असतं. बराच वेळ आम्ही फ्रीजकडे आणि फ्रीज आमच्याकडे बघत बसलो. मग मावसभावाच्या लक्षात आलं की ओट्यावरची खिडकी ३० इंचांची आहे. वागळे इस्टेटमधून एक काचवाला आणला. त्यानं रबराची कड उपटून काच अलगद हातात घेतली, आणि तुझा तीस-बत्तीस किलोचा फ्रीज गादीत गुंडाळून आम्ही चौघांनी खिडकीतून वरातीसारखा बाहेर काढला. शेजारची पोरं टाळ्या वाजवत होती.

नवा फ्रीज आत गेल्यावर काच परत बसवताना मात्र बघत राहावं असं काम. रबराच्या खाचेत त्यानं सगळीकडून सुती दोरी फिरवली, साबणाचं पाणी शिंपडलं, काच बाहेरून टेकवली आणि आतून दोरीचं एक टोक हळूहळू ओढत गेला. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटून बसतो. दहा मिनिटं, ना हातोडी ना जोर. शेवटची वीतभर दोरी मी हौसेनं ओढली.

आता जे सांगायचंय ते. रिकाम्या खणात डोकं घालून टॉर्च मारला आणि मी खालीच बसलो. बंड्या, हा फ्रीज वाईट नव्हता. आपण तो बसवलाच चुकीचा होता.

त्याला मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही. उष्णतेनं अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जातो, मागच्या पंखांच्या जाळीत गार होऊन त्याचा द्रव होतो, मग हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरून वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो आणि पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणजे सगळा कारभार उष्णतेवर आणि उतारावर. म्हणून तर गाडी तिरकी उभी केली की तो रुसायचा आणि तू पाणसळ घेऊन चाकाखाली फळ्या सारत बसायचास. पण मागच्या गरम हवेनं वरच्या जाळीतून निघून जायला हवं, तरच ती नळ्यांची जाळी गार होणार. आपल्या खणात फ्रीजच्या मागे हातभर जागा मोकळी आणि डोक्यावर चार इंच पोकळी. गरम हवा त्या पोकळीत कोंडून बसलेली. वरच्या जाळीकडे हवा वळवणारा एक पत्र्याचा तुकडा तिरका ठोकायचा होता, तो ठोकलाच नाही. दोनशे रुपयांचा पत्रा! असा फ्रीज बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली नेतो. ठाण्यात मे महिन्यात बाहेर ३७ आणि त्याच्या पाठीशी त्याहून बरंच जास्त, मग त्यानं बिचाऱ्यानं काय करायचं? आपण त्याला शिव्या घातल्या, थर्मोस्टॅट बदलला, चाकाखाली फळ्या सारल्या.

दुसरं म्हणजे बर्नरच्या हवेच्या तोंडाशी कुंभारमाशीचं घर. चांगलं लिंबाएवढं, वाळून दगड झालेलं. गाडी पावसाळाभर उभी असते तेव्हा बांधलं असणार. अर्धं तोंड बुजलेलं, म्हणून ज्योतीची टोकं मधूनमधून पिवळी दिसायची आणि आपण म्हणायचो, सिलिंडर संपत आलं.

आणि तिसरं लिहितानाही अंगावर काटा येतो. खण आणि गाडीची आतली बाजू यांच्यामध्ये अडसर नव्हताच. समोरच्या कडेला ते शोभेचं सिलिकॉन, आणि मागे ओट्याखाली तळहाताएवढी फट. गॅसवर चालणारा फ्रीज आतल्या हवेपासून पूर्ण बंद करावा लागतो, कारण जळालेला गॅस तिथून आत येतो. गुहागरला अमोनिया आत आला तो तिथूनच. अमोनियाला निदान वास आहे, माणूस जागा होतो. अपुऱ्या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. तीन हिवाळे आपण थंडी वाजते म्हणून काचा लावून झोपलो, आणि फ्रीज गॅसवर. हिला एवढंच सांगितलंय की सीलिंग खराब होतं. तुला पूर्ण सांगतो कारण सीलिंग आपण दोघांनी मिळून केलं होतं, आणि त्या दिवशी मॅच होती.

आता तू म्हणशील, चूक कळली, मग तसलाच नवा आणायचा होतास. विचार केला होता. पण आम्ही फिरतो कुठे? कोकणात. उकाडा, चढउतार, दोन रात्री इथे, एक रात्र तिथे. जंगलात आठवडाभर एका जागी, सपाट आणि सावलीत मुक्काम असेल तर आजही गॅसचाच फ्रीज घे म्हणेन, त्याला आवाज नाही आणि बॅटरीची चिंता नाही. आपल्याला ते सुख कधी लाभलं? बॅटरीवर लावला की आतला हीटर सलग ११ अँपिअर खायचा, रात्रभरात आपली १०० अँपिअर-तासांची बॅटरी मेलेली. म्हणून नवा घेतला तो कॉम्प्रेसरवाला, घरच्या फ्रीजसारखा. तो चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो आणि गार झाला की थांबतो. उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४० ते ४५ अँपिअर-तास. त्याच्यासोबत लिथियमची १०० ची बॅटरी घेतली, तिच्यातले ८०-९० बिनधास्त वापरता येतात. टपावरची सोलर पॅनेलं तीच. किंमत विचारू नकोस, हिलाही अजून निम्मीच सांगितलीय.

एक फजिती झालीच. नवा फ्रीज जुन्याच तारांना जोडला. बटण दाबलं, गुर्र झालं, बंद. मागचा लाल दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा एकदा. पुस्तिकेत पाहिलं, एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरी तर ठासून भरलेली! मीटर लावला. बॅटरीपाशी १२.९, आणि कॉम्प्रेसर उठायला जातो तेव्हा फ्रीजपाशी १०.१. मधले जवळजवळ तीन व्होल्ट गेले कुठे? सोफ्याखालची पट्टी उचकटली तर अडीच चौरस मिलिमीटरची तार, सगळ्या गाडीला वळसा घालून आलेली, आणि मध्ये पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड. टेप सोडला तर तांबं शेवाळासारखं हिरवं. (हा जोड माझा. कबूल.) जुन्या हीटरनं हे सगळं मुकाट सोसलं होतं, कमी व्होल्टेजमध्ये कमी तापायचा, इतकंच. कॉम्प्रेसर तसं चालवून घेत नाही. सहा चौरस मिलिमीटरची तार जवळच्या वाटेनं ओढली, बॅटरीपाशीच १५ अँपिअरचा फ्यूज टाकला, आणि पहिल्या झटक्यात चालू. दीड तासात आत ५ अंश. मी थर्मामीटर बाहेर काढून झटकून परत ठेवला, विश्वास बसेना म्हणून.

नवा फ्रीज दोन इंच अरुंद आहे. त्या फटीत सुतारानं वॉटरप्रूफ प्लायची उभी पट्टी मारली आणि मागून पोळपाट-लाटणं राहील असा कप्पा काढला. ही त्या कप्प्यावर फ्रीजपेक्षा जास्त खूश आहे. मागची ती फटही बुजवली. गायमुखच्या घाटातून मुद्दाम फेरी मारली, कारण तिथल्या खड्ड्यांत ज्या दाराची कडी टिकली ते दार कुठेही टिकेल. टिकली. रात्री मात्र मधूनच घुर्र करतो. तुझ्या फ्रीजची शांतता गेली, ते खरं.

जाता जाता एक हिशेब चुकता करतो. तू सगळ्यांना सांगायचास की हा आइन्स्टाइनचा फ्रीज. नाही रे. तो १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी शोधला, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स. आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांचा वेगळा, त्याचं अमेरिकन पेटंट १९३० चं. आपल्या गाडीत होता तो त्या दोन पोरांचा.

भंगारवाला आला होता. फ्रीजला प्रदक्षिणा घालून विचारतो, "कॉम्प्रेसर कुठंय?" म्हटलं, याला कॉम्प्रेसर नसतोच. "मग भाव कसला?" म्हणाला आणि नळ्या कापून बघू म्हणून ग्राइंडर काढायला लागला. त्याला हाताला धरून थांबवलं. आत उरलासुरला दाब, हायड्रोजन आणि तो पिवळा क्रोमेट! शेवटी ई-कचरा नेणाऱ्यांशी बोललोय, पुढच्या आठवड्यात येतील, मागचा भाग तसाच अखंड नेतील.

दार तेवढं मी काढून ठेवलंय. आतल्या बाजूला तू स्केचपेननं लिहिलेलं "दूध वर, बिअर खाली, वाद नको" अजून वाचता येतं. नागपूरला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवू, की तू येऊन नेतोस? गणपतीनंतर आलास तर वेळणेश्वरला जाऊ. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या

ता. क. – काल पहिला दणकून पाऊस झाला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळतंय. बरोबर तिथेच, जिथली दोरी मी ओढली होती.