काजूच्या हंगामात संध्याकाळी अंग तपासा

संपादक महोदय,

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरची सगळी माणसे बागायतीत असतात. बोंडू गोळा करताना वाकणे, पाचोळ्यात हात घालणे, दमल्यावर तिथेच टेकणे होतेच. माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) हा गोचीड चावल्याने होणारा विषाणूचा ताप; त्याची गोचीड नेमकी याच पाचोळ्यात असते, आणि पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत तिची पिल्ले माणसाला चिकटतात. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात हा ताप आल्यापासून, गोचीड चिकटू नये म्हणून अंगाला लावायच्या तेलाबद्दल आणि पूर्ण बाह्यांच्या कपड्यांबद्दल पुष्कळ सांगितले जाते. घरी आल्यावर काय करायचे, हे मात्र फार कमी सांगितले जाते.

रानातले कपडे घरात नेऊ नयेत. बाहेरच काढून उकळत्या पाण्यात टाकावेत. थंड पाण्यात नुसते भिजवले तर गोचीड मरत नाही. मग साबण लावून आंघोळ करावी आणि चांगल्या उजेडात अंग पाहावे: कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत, कमरेला नाडी बसते तिथे, जांघेत, गुडघ्यामागे. पाठ आणि मान दुसऱ्याने पाहावी, मुलांचे डोके आईने विंचरून पाहावे. पिल्लू तिळापेक्षाही बारीक असते. अंगावर काल नसलेला तीळ आज दिसला तर नखाने खरवडू नका, टॉर्च धरून पाय दिसतात का पाहा.

चिकटलेली गोचीड काढायला टोकदार चिमटा हवा. भुवयांचा रुंद तोंडाचा चिमटा तिचे पोट दाबतो आणि आतला द्रव जखमेत जायची भीती असते. चिमट्याने तिला अगदी कातडीलगत, तोंडाजवळ धरावे आणि न पिळता, हिसका न देता, सावकाश सरळ वर ओढावे. तिच्या सोंडेला उलटे काटे असतात, म्हणून थोडा वेळ लागतो. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत, स्पिरिट लावावे. काढलेली गोचीड बोटांत चिरडू नका. चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटमध्ये बुडवा.

रॉकेल, चुना, पेटती विडी लावायची सवय अजून सुटलेली नाही, हे फार वाईट आहे. डिवचलेली गोचीड पोटातले जखमेत ओकू शकते, शिवाय माणसाची कातडी भाजते ती वेगळीच.

गोचीड सापडली ती तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा. माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांनी अचानक चढतो. डोके आणि अंग असह्य दुखते, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. असा ताप आला तर लगेच आरोग्य केंद्रात जा आणि 'रानात गेलो होतो' हे डॉक्टरना आधी सांगा. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापावर खास औषध नाही, पण वेळेवर मिळालेल्या उपचाराने माणूस वाचू शकतो.

मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका. प्रेत थंड झाले की त्याच्यावरच्या गोचड्या आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. लगेच वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आरोग्य खात्याला आणि पंचायतींना विनंती आहे की तेल वाटताना प्रत्येक घराला एक टोकदार चिमटाही द्यावा, आणि तो कसा धरायचा हे आरोग्यसेविकेने घरी जाऊन दाखवावे. काजूची बोंडे पिकण्याआधी हे व्हायला हवे.

– सत्तरीतील काही बागायतदार व आरोग्य कार्यकर्ते