संघ शहराचा, हक्क मालकाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओक्लाहोमा सिटी थंडरने जून २०२५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं विजेतेपद पटकावलं, तेव्हापासून नाशिकची माझी भाचरं फोनवर त्याच संघाबद्दल भरभरून बोलत असतात. त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर खेळतोही तसा सुरेख, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मी सिएटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. तो चषक उंचावला जात असताना इथल्या माणसांच्या मनात काय चाललं होतं, हे तिकडच्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. २००८ पर्यंत तो संघ सिएटलचा होता.

सिएटल सुपरसॉनिक्स, म्हणजे आमचा सॉनिक्स, १९६७ साली सुरू झाला. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान बनवायचा बोइंगचा प्रकल्प तेव्हा चालू होता, त्यावरून हे नाव पडलं. विमान १९७१ मध्ये बारगळलं, संघ मात्र रुजला. १९७९ मध्ये लेनी विल्किन्स प्रशिक्षक असताना त्याने विजेतेपद आणलं. पुढे गॅरी पेटन आणि शॉन केम्पच्या जोडीने १९९६ ला अंतिम फेरी गाठली, समोर मायकेल जॉर्डनचा शिकागो होता. आमच्या शेजारच्या आजोबांची सगळी नोकरी सिएटलजवळच्या रेंटनमधल्या बोइंगच्या कारखान्यात गेली. त्यांच्या गराजच्या भिंतीवर सॉनिक्सचा हिरवा-सोनेरी झेंडा अजून आहे, कडा विरलेल्या आहेत, पण काढलेला नाही. टीव्हीवर थंडरचा सामना लागला की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात.

२००६ मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी हा संघ ३५ कोटी डॉलरला ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. संघ सिएटलमध्येच ठेवण्यासाठी वर्षभर मनापासून प्रयत्न करू, असा शब्द बेनेट यांनी दिला होता. प्रयत्न कोणता? तर रेंटनला सुमारे ५० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम हवं आणि त्याचा मोठा भार करदात्यांनी उचलावा. अहो, संघाचं सिएटलमधलं स्टेडियम, की-अरीना, शहराने १९९५ मध्येच नव्याने बांधून दिलं होतं! राज्याच्या विधिमंडळाने नकार दिला. त्याआधी सिएटलच्या ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी असल्या अनुदानांना लगाम घालणारा ठराव मंजूर केला होता. शाळा आणि पूल सोडून अब्जाधीशांसाठी स्टेडियम बांधायचं नाही, असं म्हणणारी ही माणसं खेळाची वैरी नव्हती.

मग ऑगस्ट २००७ मध्ये बेनेट यांचे भागीदार ऑब्री मॅक्लेंडन ओक्लाहोमाच्या एका वर्तमानपत्राला सांगून बसले, की संघ सिएटलमध्ये ठेवायला घेतलेलाच नव्हता, तो ओक्लाहोमाला यावा हीच इच्छा होती. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. तेल आणि वायूच्या धंद्यात अब्जावधी कमावलेल्या माणसाला अडीच लाख! एप्रिल २००८ मध्ये लीगमधल्या संघमालकांनी ओक्लाहोमा सिटीला स्थलांतर करण्यावर मतदान केलं. बाजूने २८, विरोधात दोनच: डॅलसचे मार्क क्युबन आणि पोर्टलंडचे पॉल अ‍ॅलन. इथल्या शेवटच्या सामन्यात सगळं स्टेडियम ‘सेव्ह अवर सॉनिक्स’ म्हणून ओरडत होतं, आणि पहिल्याच मोसमातला केव्हिन ड्युरांट हात उंचावून लोकांना अजून जोर चढवत होता.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो त्यानंतरच्या तडजोडीवर. भाडेकरार २०१० पर्यंतचा होता आणि तो पाळायला लावण्यासाठी शहर कोर्टात गेलं होतं. खटला चालला, साक्षी झाल्या, आणि निकालाच्याच दिवशी, २ जुलैला, महापालिकेने साडेचार कोटी डॉलर घेऊन करार सोडून दिला. लोकांच्या हातात तेवढा एकच कागद होता. तो कोर्टाने फाडला असता तर निदान लढून हरलो असतो.

आमचे धनिक तरी वेगळे कुठे निघाले? २०१३ मध्ये क्रिस हॅन्सन आणि स्टीव्ह बाल्मर सॅक्रामेंटोचा संघ विकत घेऊन सिएटलला आणायला निघाले. ज्यांचं घर नुकतं लुटलं गेलं होतं, त्यांच्याच नावाने दुसऱ्याचं घर फोडायचा बेत! इथे तेव्हा बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. लीगच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी तो फेटाळला आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ सॅक्रामेंटोतच ठेवला. पण तिथेही नव्या स्टेडियमसाठी शहराला २५ कोटी डॉलरहून जास्त ओतावे लागलेच. ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमसाठी विक्रीकर मान्य केला, त्यात मालकांचा वाटा पाच कोटींचा. कोणतंही शहर घ्या, संघ जाईल या धाकावरच पैसे वसूल होतात.

पैसेवाल्या मालकाने असंच वागलं पाहिजे, असंही नाही. सॉनिक्सबरोबर महिलांचा स्टॉर्म संघही बेनेट यांच्याकडे गेला होता. २००८ मध्ये सिएटलच्या चार बायकांनी तो विकत घेऊन इथेच ठेवला, आणि त्यानंतर त्याने २०१०, २०१८ आणि २०२० अशी तीन विजेतेपदं मिळवली. शेजारचे आजोबा नातीला घेऊन त्याच सामन्यांना जातात.

लीग विस्तार करणार आणि सिएटलला नवा संघ मिळणार, अशी चर्चा इथे सतत चालते. जुन्या तडजोडीत सॉनिक्सचं नाव आणि रंग सिएटलसाठी राखून ठेवले गेले होते. कागदावर लिहिलं होतं म्हणूनच ते आज इथे आहेत. तेव्हा महापालिकेने या वेळी पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं: पैसे भरून भाडेकरार मोडता येणार नाही, आणि संघ विकायचा झाला तर आधी इथल्या खरेदीदाराला विचारायचं. या दोन अटी मान्य झाल्या तर मी पहिल्या मोसमाची तिकिटं काढीन. नाही झाल्या तर स्टॉर्म आहेच.

आपला,
एक वाचक, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका